कोण किती टक्के बसलंय

आमचे मालक सकाळी दुकानात आले की आधी तिन्ही कॉम्प्युटरना उदबत्ती ओवाळायचे आणि मग त्यांची झडती घ्यायचे. झडती म्हणजे तीन बटणं एकदम दाबायची. दोन एका हाताने आणि तिसरं दुसऱ्या हाताने. मग पडद्यावर एक पाटी उघडायची. डावीकडे इंग्रजी नावं, उजवीकडे आकडे. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडा ते लांबूनही ओळखायचे. पाटी बघून झाली की ते दुकानाच्या दारात यायचे आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडायचे, "आज पन सत्त्यान्नव टक्के बसलेलाच हाय!"

नवीन माणूस दचकायचा. जुने लोक विचारायचे, "कोण हो मालक?"

"कोन म्हंजे? कामाला ठेवलेला!"

मी त्या दुकानात झाडलोट करायची, पाणी भरायची, आलेल्या गिऱ्हाइकाला बसवायची आणि आत वर्दी द्यायची. बाकी वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसायची. पगार थोडा होता, पण दुकानाच्या मागची खोली राहायला दिली होती, आणि माझं सगळं त्या खोलीवर होतं. नवरा करंजा बंदरात मासेमारीच्या बोटीवर. बोट समुद्रात गेली की आठ-दहा दिवस त्याचा पत्ता नाही. घरात मी आणि तिसरीतली मुलगी. तिची शाळा समोरच, रस्ता ओलांडला की. मी बोलायला फार बुजते. नवीन पनवेलमध्ये दारोदार फिरून मला दुसरी खोली शोधता आली नसती, आणि आमच्या ऐपतीची मिळालीही नसती.

मालक मूळचे खाडीकडच्या गावचे. घरचं मिठागर होतं आणि त्यावर ते स्वतः मुकादम. जमीन नव्या वसाहतीत गेली, बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली. खालच्या गाळ्यात त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. पण भाच्याने सांगितलं, मामा, आता गिरणीचे दिवस गेले, टायपिंगचं दुकान टाका. लोकांना अर्ज लागतात, लग्नपत्रिका लागतात, पोरांना शाळेचे प्रोजेक्ट लागतात. मालकांनी टाकलं, पण गिरणी त्यांच्या मनातून गेली नाही.

"गिरनी चालू हाय का बंद, रस्त्यावरनं कलतं," ते म्हणायचे. "ह्या डब्याचा कसा कलायचा? ह्याच्यामधे दिवा लागलाय तेवढाच. दिवा तर देवापुढं पन लागतो."

टायपिंगला सुप्रिया नावाची मुलगी होती. उरणहून एसटीने यायची. तिला हे रोज ऐकून कंटाळा आला होता. एकदा मशीन दुरुस्त करणारे इरफानभाई आले असताना ती म्हणाली, "भाई, काकांना काहीतरी दाखवा हो, म्हणजे त्यांचं समाधान होईल." इरफानभाई चांगला माणूस. त्यांनी ती तीन बटणं दाबून दाखवली. म्हणाले, "काका, ही बघा तुमच्या मशीनची हजेरी. कोणता प्रोग्राम किती टक्के मशीन वापरतो, सगळं इथे दिसतं."

हजेरी हा शब्द मुकादमापुढे काढायला नको होता.

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. सगळ्यांपुढे शून्य, शून्य, शून्य. एकापुढे दोन आणि एकापुढे अठ्ठ्याण्णव.

"हा अठ्ठ्यान्नववाला कोन?"

सुप्रियाने वाचलं, "सिस्टीम आयडल प्रोसेस."

"म्हंजे?"

"आयडल म्हणजे... काही न करता बसलेला."

मालकांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी हळूच विचारलं, जसं कोणी ऐकेल की काय, "आनि तो दोनवाला?"

"ही पाटी दाखवणारा. बाकीचे काय करतात ते बघणारा."

"मुकादम!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "बगलास? सगले झोपलेत, मुकादम एकटा राबतोय. आमच्या मिठागरात पन असाच होता."

तेव्हापासून त्यांचं त्या बसलेल्याशी वैर सुरू झालं. पहिल्यांदा त्यांनी सुप्रियाला त्याला काढून टाकायला सांगितलं. तिने पाटीखालचं बटण दाबलं, पण मशीन ऐकेना. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला काढलं की तो जायचा, हा मात्र हलायचा नाही. यावरून मालकांची खात्रीच पटली. आमच्या भागात कंपन्या आल्या, बंदर आलं, आणि प्रत्येक ठिकाणी हजेरीवर एक तरी माणूस असा असायचा, जो कोणाच्या तरी चिठ्ठीवर लागलेला, कधी कामाला हात लावत नाही, आणि ज्याला साहेबसुद्धा काढू शकत नाही. मालकांना असे लोक तोंडपाठ होते. "वशिल्याचा हाय," ते म्हणाले. "म्हनून हलत नाय. आता कोनाचा हाय ते बगतो."

आणि खरोखरच ते जुन्या पनवेलला, जिथून मशीन घेतलं त्या दुकानात गेले. मला सोबत नेलं, कारण मी हजेरी बघितलेली साक्षीदार. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला ते म्हणाले, "शेट, तुमचा मानूस परत घ्या. मशीन मी घेतलाय, मानूस मी घेतलेला नाय."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, परत घ्यायचं माणूस म्हणजे मीच. मी पदराने तोंड पुसत राहिले.

इरफानभाईंनी पुढे पुष्कळ समजावलं. "काका, आयडल म्हणजे कोणी माणूस नाही, कोणी प्रोग्राम नाही. मशीनची मोकळी जागा आहे ती. काम आलं की ती कमी होते, काम संपलं की वाढते."

"मोकल्या जागेचा कोनी नाव लिवतो का?"

"लिहायची पद्धत आहे."

"बरं. सत्त्यान्नव टक्के मोकली जागा. मंग मना येवरा मोठा मशीन कशाला इकलास? तीन टक्क्याचा द्यायचा."

इरफानभाईंनी चहा संपवला आणि म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात येतो."

मग मालकांनी त्या बसलेल्याला कामाला लावायचं ठरवलं. सुप्रिया टाइप करत असताना आकडा फार तर पाचने उतरायचा. तेवढ्यावर मालकांचं भागेना. मग त्यांनी मशीनवर गाणी लावली. हळदीची गाणी. एका खिडकीत एक, दुसरीत दुसरं, तिसरीत तिसरं, सगळी एकदम. मागे पत्त्यांचा डाव उघडून ठेवला. पडद्यावर आपोआप नळ वाढत जाणारं एक चित्र होतं, ते लावलं. बसलेल्याचा आकडा भराभरा खाली आला आणि पाटीवर मशीनचं काम दाखवणारी हिरवी रेघ वर जाऊन छपराला टेकली. शंभर टक्के. मालक उठले, मिठाईवाल्याकडून पेढे आणले, आधी मशीनपुढे ठेवले आणि मग आम्हाला दिले.

त्या दिवशी सुप्रियाने बटण दाबलं की अक्षर इतकं उशिरा उमटायचं की मधे ती भांग सरळ करून घ्यायची. एक गृहस्थ मुलीच्या पत्रिका न्यायला आले होते. मालक त्यांना अभिमानाने म्हणाले, "आज व्हनार नाय. मशीन शंभर टक्के कामात हाय."

"अहो, पण कसल्या कामात?"

"ते तुमी मना नका इचारू. रेघ बगा, रेघ."

ते गृहस्थ रेघ बघून निघून गेले. पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापल्या. मालकांना वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, गिऱ्हाईक येतं-जातं, रेघ महत्त्वाची.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे सगळं हसून विसरले असते. पण मालकांच्या डोळ्यांना सवय लागली. ज्याच्या-त्याच्याकडे बघून त्यांना टक्के दिसायला लागले. इमारतीत एक कुत्रा होता, तो दिवसभर जिन्याखाली झोपायचा. "नव्वद," मालक म्हणाले, आणि त्याला गावच्या वाडीवर पाठवून दिलं. भिंतीवर वाळूची लाल बादली टांगली होती, आग लागली तर म्हणून. ती शंभर टक्के बसून होती, ती उतरवली. लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारा बॅटरीचा डबा होता, तो तर फक्त लाईट गेल्यावर उठतो हे कळल्यावर त्यांनी त्याच दिवशी विकला. एकदा मालकीणबाईंनी विचारलं, "आनि मी वो? मी किती?" मालक म्हणाले, "तुजा माप माज्यानं निगत नाय." मालकीणबाई नुसत्या हसल्या. त्या घरात त्यांच्या अंगावर ओरडायची हिंमत मालकांना नव्हती.

मग जीपची पाळी आली. चार चाकं पळतात आणि पाचवं मागे लटकून हवा खातं, हे मालकांनी इतकी वर्षं कसं चालवून घेतलं याचं त्यांनाच नवल वाटलं. स्टेपनी त्यांनी भाच्याला देऊन टाकली. पुढच्याच आठवड्यात उरणला हळद होती. मालक, मालकीणबाई, त्यांच्या दोन नणंदा आणि आहेराच्या पाट्या सांभाळायला मी. खाडीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना चिखल आणि बगळे, तिथे टायर बसला. बाजूने कंटेनर जात होते, आमच्यासाठी कोणी थांबेना. पैठण्या नेसलेल्या बायका उन्हात रस्त्याच्या कडेला पाट्यांवर बसल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "काय वो, आता किती टक्के बसलोय आमी?"

"शंभर," मालक म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

दुसरा कोणी यातून शिकला असता. मालकही शिकले, पण त्यांचं शिकणं वेगळं. त्यांनी भाच्याकडून स्टेपनी परत आणली आणि तिला बसू द्यायचं नाही असं ठरवलं. दर रविवारी सकाळी जॅक लावून ते एक चाक काढायचे, तिथे स्टेपनी चढवायचे आणि काढलेल्या चाकाला मागे विश्रांतीला टांगायचे. "पाची भाऊ सारखे राबले पायजेत," ते म्हणायचे. लोक देवळात जात असायचे तेव्हा मालक घामाघूम होऊन जीपखाली असायचे.

माझ्यावर त्यांची नजर पडणार हे मला कळायला हवं होतं. मी तर दारातच बसलेली. मालक चहा प्यायला बाहेर जाताना माझ्याकडे बघायचे, मी बसलेली. परत येताना बघायचे, मी बसलेली. मधे मी दहा घागरी पाणी भरलेलं असायचं, पण ते त्यांच्या बघण्यात यायचं नाही. हजेरीची पाटीसुद्धा अशीच मधून मधून डोकावून आकडा सांगते, असं सुप्रिया मला म्हणाली होती. ज्या घडीला ती बघते, त्या घडीचं खरं.

एक दिवस ते माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाय, तू पंच्यान्नव टक्के बसून असतेस."

मी स्टुलावरून उठून उभी राहिले.

"मशीनला एक न्याय आनि मानसाला दुसरा, असा मी करनार नाय. येत्या अमावास्येपर्यंत बगतो. आकडा उतरला तर ठीक, नायतर खोली मोकली कर. दुसरी बाई बगीन."

मी मान हलवली. खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मुलगी विचारत होती आई काय झालं. नवरा बोटीवर. तो येईपर्यंत अमावास्या होऊन गेली असती आणि आमचं सामान रस्त्यावर असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बसलेच नाही. झाडलेली जमीन परत झाडली. पुसलेल्या काचा पुसल्या. भरलेला माठ ओतला आणि परत भरला. मालक डोकावायचे तेव्हा माझ्या हातात फडकं असायचंच. वायरी पुसल्या, वायरींच्या मागची भिंत पुसली, टेबलावर चढून पंख्याची पाती पुसली. मालक खूश. "बग, मनावर घेतला का व्हतं!" दारात कोणी नसल्यामुळे गिऱ्हाईक यायचं, कोणी विचारत नाही बघून उभं राहायचं आणि निघून जायचं. एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या अर्जासाठी तीनदा येऊन गेले. मी त्यांना बघत होते, पण मी खिडकीच्या गजांवर होते आणि बाजूला मालक उभे होते. उतरले असते तर आकडा वाढला असता. तीन मशीनवर तीन हळदी लागलेल्या. सुप्रिया गालाला हात लावून एका अक्षराची वाट बघतेय. आमच्या दुकानात तेव्हा एकही जीव मोकळा नव्हता आणि एकही काम होत नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून मालक मागच्या संडासात गेले. हा संडास दुकान आणि माझी खोली यांच्यामधे. दार पत्र्याचं, आणि कडी आमच्या खारट हवेने गंजलेली. ती आतून बसली ती बसलीच. मालकांनी हाका मारल्या. पुढे तीन हळदींचा बँजो चाललेला. मी पंख्याखाली टेबलावर, बादलीत खळाखळा फडकं पिळत. एरवी मी स्टुलावर बसलेली असताना मागे मांजर गेलेलंही मला कळायचं. त्या दिवशी मालक दारावर लाथा मारत होते आणि आम्हाला वाटलं, ढोलकी जोरात आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. मी सारखी दाराकडे बघत होते, कारण मालक डोकावायला कसे आले नाहीत याचंच मला भय वाटत होतं. डोकावले नाहीत तर माझं काम त्यांच्या हिशेबात कसं येणार?

मग लाईट गेली.

तिन्ही मशीन एकदम बंद. बॅटरीचा डबा तर विकलेलाच होता. हळद थांबली, बाकीचे पंखे थांबले, आणि त्या शांततेत मागून आवाज आला, घोगरा, दमलेला. "बाय... ओ बाय... मेलो ना गो मी..."

मी टेबलावरून उडीच मारली. सुप्रिया आणि मी दार ओढू लागलो, ते हलेना. मी जिन्यात जाऊन वर राहणाऱ्या मालकीणबाईंना हाक मारली. माझ्या तोंडून इतका मोठा आवाज त्या इमारतीत कोणी पहिल्यांदाच ऐकला. मालकीणबाई पाट्यावरचा वरवंटा घेऊन खाली आल्या. आधी दाराजवळ तोंड नेऊन विचारलं, "कवापासून हाव आत?"

"जेवल्यापासून!"

"काय करीत व्हता?"

"काय करनार? बसलेलो!"

"मंग बसा अजून जरा," म्हणून त्यांनी पदर खोचला आणि दोन घावांत कडी पाडली.

मालक बाहेर आले. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. कोणाशी न बोलता ते पुढे आले आणि माझ्या स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता खोली गेली.

"मी वरडत व्हतो तवा तू काय करीत व्हतीस?"

"पंखा पुसत होते."

"काल पुसलावतास ना?"

"हो."

"आनि परवा?"

"परवापण."

"मंग आज कशाला?"

मी रिकामा पेला पदराने पुसू लागले. सुप्रिया मधे पडली. "काका, टक्क्यांसाठी. तुम्हीच म्हणालात, खोली काढून घेईन."

मालकांनी बंद मशीनकडे बघितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आत बसून इचार केला. दुसरा काय करनार व्हतो. सगला शंभर टक्के चाललेला. बँजो शंभर, फडका शंभर. आनि माजी हाक घ्यायला एक बी कान मोकला नाय." ते उठले. "इरफान गाढवासारखा सांगत व्हता, मोकली जागा. मोकली जागा कसली? तो कान लावून बसलाय. बटन दाबला का उठनारा तोच."

आम्हाला वाटलं मालक आता सुधारले. पण मालक ते मालकच. त्यांनी स्टूल उचलून दाराच्या बरोब्बर मधे ठेवलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून तू हितं बसायचा. निसता बसायचा. हातात फडका दिसला तर खोली मोकली करायची!"

ते बोलले ते खरं करायचे. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः झाडू मारू लागले. माझ्या पायाखाली आले की म्हणायचे, "पाय वर घे, उठू नको." पाण्याला भैया ठेवला. सकाळची झडती चालूच राहिली, पण आता बसलेल्याचा आकडा नव्वदच्या खाली उतरला की मालकांना घोर लागायचा. ते गाणी बंद करायचे आणि सुप्रियाला सांगायचे, "दमानं टाइप कर गो, त्याला उठवू नको." कुत्रा वाडीवरून परत आला. स्टेपनीला मात्र रविवारची सुटी मिळाली नाही, तिच्या बाबतीत त्यांचं मत वेगळं होतं. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

मला ते बसणं फार जड गेलं. फरशीवर कागदाचा कपटा पडलेला दिसायचा आणि उचलता यायचा नाही. पण म्हातारे गृहस्थ चौथ्यांदा आले तेव्हा मी दारातच होते. त्यांना हात धरून आत नेलं, आणि तासाभरात अर्ज घेऊन ते गेले. मालक लांबून बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढच्या आठवड्यात बोट लागली आणि नवरा घरी आला. खांद्यावर पिशवी, हातात सुकटीची पुडी. दारात बघतो तर मालक, एवढ्या इमारतीचे धनी, गुडघ्यावर बसून फरशी पुसतायत आणि मी मधोमध स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तो तिथेच थबकला. मला लाजेने मेल्यासारखं झालं आणि मी उठायला गेले.

"बाय!" मालक ओरडले. "खोली पायजे ना?"

मी परत बसले. नवरा जवळ आला, वाकून माझ्या पायांकडे बघितलं, आणि मालकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "काय गं? बरं नाही का?"

मी रस्त्यावरची नजर न काढता त्याला म्हटलं, "तू हो पुढे. मी कामावर आहे."